पोराचा ताप उतरला, मग उलट्या कशाच्या?

पत्र आलंय ते थोडक्यात देते:

"ताई, मी नाशिकला सिडकोत राहते, मिस्टर अंबडला एमआयडीसीत आहेत, शिफ्ट ड्युटी. मुलगा अकरा वर्षांचा, वजन 32 किलो. रविवारी रात्री एकदम 103 ताप आला, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणत होता. मंगळवारी रक्त तपासलं, एनएस वन पॉझिटिव्ह, डेंग्यू. तेव्हा प्लेटलेट्स 1 लाख 40 हजार होत्या, आज गुरुवारी 68 हजार. डॉक्टर काल म्हणाले घरीच ठेवा, भरपूर पाणी द्या, रोज रक्त तपासा, काही वेगळं वाटलं तर लगेच या. आज सकाळपासून ताप नाही म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटलं, सासूबाईंनी कालिकामातेला नारळ पण बोलला. पण तो प्लेटलेट्सचा आकडा बघून माझे हातपाय गळालेत. निफाडहून दीर शेळीचं दूध पाठवतात, सासूबाई पपईच्या पानांचा रस देतात, मी डाळिंबाचा रस देते, किवी पण आणलेत. आज तीनदा उलटी झाली पण पपईचा रस कडूजार असतो त्यानेच झाली असेल असं सासूबाई म्हणतात. बाकी काही नाही, नुसता झोपून आहे. प्लेटलेट्स चढवाव्या लागतील का, ब्लड बँकेत आधीच सांगून ठेवू का? सोमवारी चाचणी परीक्षा आहे, पाठवू का? धाकटी सात वर्षांची आहे, तिला होईल का? आणि दिवाळीत गावी जायचंय पण तिकडे गुरांना गोचीड फार झालेत आणि मोबाईलवर काँगो तापाचं काहीतरी फिरतंय, जाऊ की नको?"

अगं, तुझं पत्र गुरुवारी रात्री पावणेदहाला आलं आणि ते वाचल्यावर सदराचा विचार मनात आलाच नाही, खाली नंबर होता तो सरळ लावला. फोनवर बोललो ते आणि त्यानंतरचं आता सावकाश लिहिते, तुझी परवानगी घेतलीच आहे, कारण सध्या गल्लोगल्ली हेच चाललंय, ताप उतरला की घरात शिरा होतो आणि प्लेटलेट्स उतरल्या की रडारड. डेंग्यूत हे जवळजवळ उलटं असायला पाहिजे.

मी डॉक्टर नाही हे आधी सांगते. स्टाफ नर्स होते, 26 वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीचशी लहान मुलांच्या. औषध काय द्यायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवणार, मी फक्त कशावर नजर ठेवायची ते सांगू शकते, आणि नजर ठेवणं हेच तर नर्सचं काम.

तुला आठवत असेल, फोनवर मी प्लेटलेट्सबद्दल एक शब्द विचारला नाही. पहिलं विचारलं की शू शेवटची कधी केली त्याने. तू गडबडलीस, मग म्हणालीस साडेतीनला वगैरे असेल. म्हणजे सहा तास होऊन गेले होते. मग म्हटलं त्याची पावलं हातात धर, तू म्हणालीस गार लागतायत पण ताप उतरल्यावर घाम येतोच ना. मग म्हटलं उजव्या बाजूला बरगडीच्या खाली पोटावर हलक्या हाताने दाब, आणि तू काही सांगायच्या आत मला फोनमधूनच तो "आई गं" म्हणालेला ऐकू आला. मग दोन्ही रिपोर्टचे फोटो मागवले. प्लेटलेट्सच्या ओळीवर तू लाल पेनाने गोल केला होता, पण त्याच कागदावर वरच्या बाजूला पीसीव्ही म्हणून एक ओळ असते, कुठे हिमॅटोक्रिट लिहितात, ती मंगळवारी 36 होती आणि गुरुवारी 42. ती ओळ कुणीच बघितली नव्हती. तेव्हा मी म्हटलं आता जेवत बसू नका, रिक्षा करा आणि निघा, रिक्षा नाही मिळाली तर 108 ला फोन कर.

आता हे सगळं काय होतं ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुला कुणाच्या फोनची वाट बघावी लागणार नाही.

डेंग्यूचे तीन टप्पे असतात. पहिले दोन ते सात दिवस तापाचे, अंग मोडून काढणारे, मूल रडतं, घर हवालदिल होतं, पण ह्या दिवसांत धोका त्या मानाने कमी असतो. दुसरा टप्पा ताप उतरायला लागतो तेव्हा सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये कधीतरी, आणि तो 24 ते 48 तास चालतो. सगळ्यांना ह्या टप्प्यातून त्रास होतो असं मुळीच नाही, बहुतेक मुलं ताप उतरला की हसतखेळत बरीच होतात. पण ज्यांचं बिघडतं त्यांचं ह्याच वेळात बिघडतं. बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात, जुन्या नळाला पाझर फुटावा तशा. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, पोटात साचतं, छातीत फुफ्फुसाभोवती साचतं. आत राहिलेलं रक्त दाट होतं, म्हणून तो पीसीव्हीचा आकडा वर चढतो. मूळ आकड्याच्या 20 टक्के वर गेला की गळती जोरात चालू आहे असं धरतात, तुझ्या लेकाचं 36 वरून 42 म्हणजे 16-17 टक्के झालंच होतं. शरीर मग उरलेलं रक्त मेंदूला आणि हृदयाला पुरवतं आणि हातापायांचं, किडनीचं काटतं, म्हणून पावलं गार पडतात, म्हणून लघवी होत नाही. सगळं एकाच दोरीला बांधलेलं आहे.

आणि ह्यात फसवणारी गोष्ट अशी की मूल शुद्धीवर असतं. मला एक नऊ वर्षांची मुलगी अजून डोळ्यासमोर दिसते, खूप वर्षं झाली त्याला. पाचव्या दिवशी ताप गेला म्हणून वडील तिला नातेवाईकांकडच्या कार्यक्रमाला घेऊन गेले, तिकडे पोटात दुखतंय म्हणाली तर बाहेरचं खाल्लं असेल म्हणून झोपवून ठेवली. संध्याकाळी वडिलांच्या खांद्यावर आली. माझ्याशी बोलत होती, केसांना पिवळी रिबीन होती, पाणी द्या म्हणत होती, नाव विचारलं तर नाव सांगितलं. मी मनगट धरलं तर नाडी लागेना, बीपीचा पट्टा दोनदा बांधला, काटा पडत गेला आणि ठोका काही ऐकू आला नाही. बोलणारं मूल आणि बीपी नाही! वडील पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून एकच वाक्य म्हणत होते, "पण सिस्टर, ताप तर नव्हता हो." ती वाचली, चार दिवस आयसीयूत काढून वाचली. पण ते वाक्य माझ्या कानातून जात नाही आणि तुझं "बाकी काही नाही, नुसता झोपून आहे" वाचलं तेव्हा मला तेच ऐकू आलं.

म्हणून ताप उतरल्यावरचे दोन दिवस घड्याळ लावून बसायचं. पोटात सारखं दुखणं, तीन-तीन उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, काळी डांबरासारखी शी, वयात आलेल्या मुलीला पाळीत नेहमीपेक्षा खूप जास्त रक्तस्राव, मूल एकदम गळून जाणं किंवा उलट विनाकारण चिडचिड आणि तळमळ, धाप लागणं, हातपाय गार, सहा तासांत लघवी नाही. ह्यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी. अजून एक सोपी खूण आहे, बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोड, पांढरं पडलेलं बोट दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे, त्याहून वेळ लागत असेल तर रक्त पोचत नाहीये.

आता पपईच्या पानांचं. सासूबाईंवर रागावू नकोस, त्या नातवासाठी पाटा-वरवंट्यावर पानं वाटत बसल्यात, ह्या माणसांनी घरं सांभाळलीत. त्या पानांवर थोडेफार अभ्यास झालेत, काहींत प्लेटलेट्सचा आकडा जरा लवकर वाढलेला दिसतो, पण त्याने गळती थांबते किंवा जीव वाचतो असं काही सिद्ध झालेलं नाही. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. तो रस इतका कडू असतो की निरोगी माणसालाही ढवळेल, आणि मग मूल ओकलं की ती उलटी रसाच्या नावावर जाते. तुमच्याकडे तेच झालं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी तीन उलट्या, तीन मोठ्या घंटा वाजल्या आणि तिन्ही वेळा घर म्हणालं पपई. शिवाय पोटातलं पाणीही गेलं, जे त्या दिवशी सगळ्यात मोलाचं होतं.

डाळिंबाचंही तसंच. आपल्याकडे सटाणा-देवळ्याची डाळिंबं, घरात असतातच, रक्त वाढतं म्हणून देतो, बीटही देतो. पण डेंग्यूच्या त्या आठवड्यात लाल किंवा काळपट काहीच देऊ नये, कारण उलटी लाल झाली तर ती डाळिंबाची की रक्ताची हे कुणाला कळणार नाही, शी लालसर झाली तर बीट की रक्तस्राव ह्यावर घरात चर्चा चालू राहील आणि वेळ जाईल. पांढरं-पिवळं द्या ना, मोसंबीचं पाणी, नारळपाणी, ताक, भाताची पेज, ओआरएस. 32 किलोच्या मुलाला एरवीही दिवसाला दीड-पावणेदोन लिटर लागतं, तेवढं तरी पोटात गेलं पाहिजे, एकदम ग्लासभर नको, दर दहा मिनिटांनी दोन-चार घोट, आणि वहीत लिहायचं किती प्यायला आणि शू किती वाजता केली. नुसतं साधं पाणी पाजत राहू नका, मीठ-साखर पण लागते. किवी चांगलं फळ आहे, आवडत असेल तर खाऊ दे, पण औषध म्हणून महागाची फळं आणायची काही गरज नाही, पेरू पण चालतो.

शेळीचं दूध. ह्याने प्लेटलेट्स वाढतात ह्याला काही आधार नाही, दूध म्हणून पाजायचं तर पाजा पण कच्चं मुळीच नाही. फोनवर तू म्हणालीस की दीर सांगतात धारोष्णच द्या तरच गुण येतो. अगं कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो, महिनोन् महिने ताप येत राहतो त्याने. चांगलं उकळायचं.

आणि एक गोष्ट पत्रात नव्हती, बोलताना सहज निघाली, की पहिल्या रात्री ताप हटेना म्हणून मिस्टरांनी मेडिकलमधून जास्त पॉवरचं सिरप आणून एक डोस दिला. नशीब एकच दिला. डेंग्यूचा नुसता संशय असला तरी तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशोबाने किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत कमीत कमी सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही, आणि मधल्या वेळात कोमट पाण्याने अंग पुसायचं. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, डायक्लोफिनॅक, निमेसुलाईड, ॲस्पिरिन ह्यातलं काही नको. कॉम्बिफ्लॅम आपण घरात बिनधास्त ठेवतो ना, त्यात आयबुप्रोफेन असतं. ही औषधं पोटाच्या आतल्या अस्तराला त्रास देतात आणि उरलेल्या प्लेटलेट्सना पण नीट काम करू देत नाहीत, म्हणजे रक्त यायची सोय आपणच करून ठेवतो. कंबरेवर सुई टोचून घेणं पण टाळायचं, आत रक्त साकळतं. अँटिबायोटिकचा डेंग्यूच्या विषाणूवर काहीच परिणाम होत नाही.

आता प्लेटलेट्स, ज्यासाठी तू पत्र लिहिलंस. नॉर्मल दीड ते साडेचार लाख. डेंग्यूत त्या पडतात, बऱ्याचदा पन्नास हजारांच्या खाली जातात, आणि बरं व्हायला लागलं की आपल्या आपण चढतात. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेट्स त्या काळात फार टिकत नाहीत, शरीरातल्या पडतात तशा त्याही जातात, आणि रिॲक्शनचा धोका वेगळा. म्हणून रक्तस्राव होत असेल किंवा आकडा दहा हजारांच्या खाली गेला असेल तरच डॉक्टर विचार करतात. 68 हजाराला ब्लड बँकेत फोन करायचं काही कारण नव्हतं. पण नातेवाईकांचा दबाव असतो गं, मी वॉर्डात किती वेळा बघितलंय, पेशंट शांत झोपलाय आणि बाहेर भाऊ, मेव्हणे, मित्र मोबाईल घेऊन डोनर शोधतायत, आणि आत डॉक्टर बिचारे लघवीचं माप बघतायत. सलाईनचंही तसंच आहे, एक बाटली लावूनच टाका म्हणून लोक हट्ट धरतात. गळती चालू असते तेव्हा सलाईन जीव वाचवतं, पण तासातासाला हिशोब करून. पुढे तिसऱ्या टप्प्यात बाहेर गेलेलं पाणी आपणहून रक्तात परत येतं, तेव्हा वर अजून बाटल्या चढवल्या तर फुफ्फुसात पाणी भरून धाप लागते. म्हणून सलाईन कधी लावायचं इतकंच, कधी काढायचं हेही डॉक्टरांना ठरवू दे. वेळेवर नीट सांभाळलं तर डेंग्यूत मृत्यूचं प्रमाण 1 टक्क्याच्याही खाली राहतं, आणि त्यात प्लेटलेट्सच्या पिशवीपेक्षा ह्या पाण्याच्या हिशोबाचाच वाटा मोठा आहे.

तुझ्या लेकाचं तेच झालं ना. रात्री ॲडमिट केलं, दीड दिवस सलाईन, दर काही तासांनी पीसीव्ही, शू मोजून. प्लेटलेट्स शुक्रवारी 41 हजारांपर्यंत गेल्या, तू मला रडत फोन केलास, मी विचारलं पीसीव्ही किती, म्हणालीस 38, म्हटलं मग पोरगं सुधारतंय. एकही पिशवी न चढवता सोमवारी घरी आला. हातापायांवर लाल चट्टे आणि खाज उठलीय म्हणतेस, ती बरं होतानाची असते, लाल कातडीत मधे मधे पांढरे ठिपके दिसतात, घाबरू नकोस.

एक लक्षात ठेव, तुमच्या डॉक्टरांनी घरी ठेवा सांगितलं ते चूक नव्हतं. बुधवारी तो घरी ठेवण्यासारखाच होता, आणि "वेगळं वाटलं तर लगेच या" हेही त्यांनी सांगितलं होतं. ते वेगळं म्हणजे काय हे समजलं नव्हतं, एवढंच झालं. पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं की तिथेच विचारायचं, वेगळं म्हणजे काय काय ते लिहून द्या.

चाचणी परीक्षेचं आता विचारूच नकोस, शाळेला रिपोर्ट दाखव, एक-दोन आठवडे थकवा राहील, पीटी-ग्राउंड तर अजून काही दिवस नकोच. आणि हे कायमचं लक्षात राहू दे की डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, एक होऊन गेला की त्याच प्रकारापासून संरक्षण मिळतं, बाकी तीन होऊ शकतात आणि दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त जोरात येण्याची शक्यता असते. म्हणून पुढे कधीही त्याला ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं की ह्याला आधी डेंग्यू झालाय. ही फाईल टाकून देऊ नकोस.

धाकटीचं बघू. डेंग्यू एकमेकांच्या अंगाला अंग लागून होत नाही, उष्टं खाऊनही नाही, मधे डास लागतो. पण तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत दादाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, तेव्हा घरातला डास त्याला चावला तर आठ-बारा दिवसांनी तोच डास दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणून मच्छरदाणी पेशंटलाच लावायची, आणि दिवसा, कारण हा पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त. आपण रात्री कॉइल लावतो आणि दुपारी मुलं चड्डीवर गॅलरीत खेळतात. तिला पुढचे दोन आठवडे पूर्ण बाह्यांचे कपडे घाल, आणि ताप आलाच तर पहिल्या पाच दिवसांत एनएस वन तपासून घे, नंतर गेलीस तर आयजीएम ही दुसरी रक्ततपासणी करावी लागते. सरकारी दवाखान्यात डेंग्यूसाठी रक्ताची एलायझा तपासणी मोफत होते. आणि मलेरियाचीही तपासणी करायला सांग, पावसाळ्यानंतरचा प्रत्येक ताप डेंग्यूच असतो असं धरून बसू नये.

शनिवारी तू दवाखान्यातून कपडे न्यायला घरी गेलीस तेव्हा मी तुला फोनवर घर फिरायला लावलं, ते वाचणाऱ्या सगळ्यांनी आपापल्या घरात करावं असं मला मनापासून वाटतं. तू आधी म्हणत होतीस आमच्याकडे घाण पाणी साचतच नाही. ह्या डासाला घाण पाणी नकोच असतं! त्याला आपण प्यायला-वापरायला भरून ठेवतो तेच स्वच्छ पाणी लागतं. तुमच्याकडे नळाला ठराविक वेळच पाणी येतं म्हणून बाथरूमबाहेर निळा ड्रम भरलेला असतो, तो कधी पूर्ण रिकामा होत नाही, वरून वापरायचं आणि वरून भरायचं. मोबाईलची बॅटरी त्यात मार म्हटलं, तू म्हणालीस काही नाही, मग म्हटलं ड्रमला जरा थाप मार, आणि तू किंचाळलीस, कारण काडीसारख्या बारीक अळ्या वळवळत एकदम खाली गेल्या. मग फ्रिजच्या मागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, तुळशीच्या कुंडीखालची ताटली. चारपैकी तीन ठिकाणी सापडल्या.

अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असं सांगतात. पण नुसतं ओतून देऊन भागत नाही. मादी अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते, काळ्या रव्यासारखी, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात, पुढच्या वेळी पाणी लागलं की फुटतात. म्हणून काथ्याने नाहीतर तारेच्या घासणीने आतून कडकडीत घासायचं आणि मग भरायचं, आणि वरून घट्ट झाकण नसेल तर जुनं सुती फडकं दोरीने आवळून बांधायचं. धुराची गाडी आली नाही म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं चालतात, येऊ दे गाडी, पण धुराने उडते डास मरतात, ड्रममधल्या अळ्यांना त्याने काही होत नाही. गच्चीवरची टाकी उघडी असेल, कोपऱ्यात जुने टायर असतील तर ते मात्र सगळ्यांनी मिळून बघायला पाहिजे, आणि महापालिकेच्या मलेरिया विभागाला तुमच्या बिल्डिंगमधली केस कळवा, म्हणजे ते येऊन आजूबाजूची घरं तपासतील.

आता गावचं. काँगो ताप म्हणजे क्रायमियन काँगो हेमोरेजिक फिव्हर, हा पण रक्तस्रावाचाच ताप पण डासाशी ह्याचा काही संबंध नाही, हा गोचिडांतून आणि जनावराच्या रक्तातून येतो. भारतात तो पहिल्यांदा जानेवारी 2011 मध्ये गुजरातमधल्या साणंद तालुक्यात सापडला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासून सांगितलं. त्या बाईंवर उपचार करणारे डॉक्टर आणि एक नर्स, दोघंही त्याच तापाने गेले. आम्ही तेव्हा ड्युटीवर होतो, त्या नर्सची बातमी ऐकून चेंजिंग रूममध्ये कुणी कुणाशी बोललं नव्हतं. मृत्यूचं प्रमाण 10 ते 40 टक्के असतं, म्हणून हलक्यात घेऊ नये हे खरं, पण गोचीड दिसला म्हणजे काँगो ताप असंही नाही, गुरांना गोचीड आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होतात. तू जा गावी. फक्त दिरांना सांग की गोचीड नखाने चिरडायची सवय सोडा, उघड्या हाताने उपटू नका, हातमोजे घालून चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायचा, मग साबणाने हात धुवायचे. जनावर आजारी दिसेलच असं नाही, त्याच्या रक्तात विषाणू असतो आणि ते मजेत चरत असतं, म्हणून लक्षण बघून ठरवता येत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यातून गोचिडांचं औषध घेऊन गोठ्यात आणि गुरांच्या अंगावर नीट वापरायचं. पोरांना गोठ्यात खेळू देऊ नकोस, बकरं कापताना जवळ नको, मटण नीट शिजलेलं असेल तर काही भीती नाही. आणि गावाहून आल्यावर दोन आठवड्यांत घरात कुणालाही जोराचा ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं की आम्ही गुरांत होतो, गोचीड चावला होता की नव्हता तेही, कारण तुम्ही सांगितल्याशिवाय सिडकोतल्या डॉक्टरांच्या डोक्यात निफाडचा गोठा येणार नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. पानं वाटायचं थांबवलंत म्हणून त्यांना वाईट वाटायला नको, त्यांच्याकडे ती पाण्याची आणि शूची वही दे, धाकटीला ताप आलाच तर त्यांच्याइतकं टक लावून कुणी बसणार नाही. ड्रमसाठी शनिवार ठरवलायस ना, ह्या शनिवारी घासून झाला की मला आतून फोटो पाठव.